दारावरचा 'डी' आणि आमची टाळकी

क्वीन्सकर:
काल इथे वरणभातरावांनी लिहिलं की न्यूयॉर्कच्या इमारतींवर लावतात ती ऊर्जेची ग्रेड म्हणजे 'थोतांड, दंड उकळायचा धंदा'. वाचल्यापासून डोकं फिरलंय. अहो, ग्रेडचा दंडाशी काय संबंध? दंड २०१९च्या लोकल लॉ ९७ या शहराच्या कायद्याचा, मर्यादेवरच्या दर टन कार्बनला २६८ डॉलर. वीज-गॅसच्या वापराचे आकडे भरायचा कायदा त्याच्याही दहा वर्षं आधीचा. मी आमच्या को-ऑपच्या, म्हणजे सहकारी इमारतीच्या, बोर्डावर असताना तीन वर्षं हे आकडे भरलेत. घराघरातून बिलं मागायची म्हणजे गणपतीची वर्गणी परवडली. आता कॉन एडिसन ही वीज-गॅस कंपनी अख्ख्या इमारतीची बेरीज थेट पोर्टफोलिओ मॅनेजर या ऑनलाइन नोंदवहीत टाकते. कुणाच्या घरात किती जळलं ते कळत नाही, एकूण कळतं. हवामान, घरांची संख्या वगैरे धरून १ ते १०० गुण मिळतात, गुणांवरून ग्रेड. यात थोतांड कुठलं?

वरणभात_ब्रुकलिन:
म्हटलं, आणि परत म्हणतो. ५० गुण म्हणजे देशातली बरोबर मधली इमारत ना? मग ५५च्या खाली सरसकट 'डी' कसा? वर्गातलं मधलं पोर नापास! आमची इमारत पन्नासच्या दशकातली, वाफेवर चालणारी. बॉयलर एक, सेन्सर एक. जानेवारीत सहाव्या मजल्यावर खिडक्या सताड उघड्या आणि तळमजल्यावरच्या काकू दोन शाली घेऊन बसलेल्या. दारावर कागद चिकटवून रेडिएटर सुधारतो का?

क्वीन्सकर:
मधल्या पोराचं मान्य. झालं समाधान? पण खिडक्या उघड्या असतात हे आमच्याही बोर्डाला वीस वर्षं माहीत होतं. 'डी' लागला आणि पहिल्यांदा बैठकीला कोरम भरला. घर विकायला काढलेले तर सगळे पुढच्या रांगेत.

टेपवाली:
दोघंही थांबा. आमच्या को-ऑपमध्ये क्षेत्रफळ कुठल्यातरी जुन्या कागदावरून भरलं होतं. तळघर, लाँड्री, बॉयलरची खोली, सगळं वगळून. ते धरायचं असतं, पार्किंग तेवढं नाही. एका रविवारी आम्ही तिघांनी मोजमाप घेतलं, सुधारित आकडा भरला. ऊर्जा तीच, जागा जास्त, म्हणून ५२चे ५८ झाले. 'डी'चा 'सी'. आणि गॅसचा एक थेंब वाचला नाही.

वरणभात_ब्रुकलिन:
घ्या! याला म्हणतात ऊर्जाबचत.

वॉशिंग्टनचा_पाहुणा:
म्हणूनच नुसत्या भरलेल्या आकड्यांवर विसंबत नाहीत. आमच्याकडे सीड नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, केंद्राच्या ऊर्जा खात्याने बनवलेलं, कुठल्याही शहराला फुकट. पोर्टफोलिओ मॅनेजरमधला आकडा मालमत्ता कराच्या नोंदीशी ताडून बघायचा, फरक दिसला की मालकाला विचारायचं.

टेपवाली:
आमच्या कराच्या नोंदीतही तेच जुनं क्षेत्रफळ होतं हो. दोन चुका एकमेकींशी तंतोतंत जुळल्या असत्या.

पौडफाटा:
क्षेत्रफळाचा विषय निघालाच आहे तर. पुण्यात आम्हाला कार्पेट एक सांगितलं, बिल्ट-अप दुसरं, पैसे घेतले सुपर बिल्ट-अपचे. जिना, लॉबी, लिफ्टची खोली, सगळं आमच्या डोक्यावर. ताबा मिळाल्यावर टेप लावली तर हॉल सव्वा फूट कमी! बिल्डर म्हणतो, प्लॅस्टर धरा. सव्वा फूट प्लॅस्टर? किल्ला बांधलाय का?

अंधेरी_पूर्व:
रेरानंतर विक्री कार्पेटवरच.

पौडफाटा:
आमचं बुकिंग रेराच्या आधीचं. आणि रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, ठाऊक आहे का? भिंतीवर झोपायचं का आम्ही?

अंधेरी_पूर्व:
आवाज खाली. चटई भिंतीवर टाकता येत नाही, मान्य. पण उभी भिंत जागा खाते ना!

टेपवाली:
धागा न्यूयॉर्कचा होता.

अंधेरी_पूर्व:
मग मुंबईचं सांगतो. बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, इमारतींसाठीचं तारांकन २००९पासून आहे, वर्षाचे युनिट भागिले चौरस मीटर. पण ऐच्छिक. ज्याला तारे मिळणार तोच अर्ज करतो. आणि आमच्या सोसायटीत निम्मे फ्लॅट अदाणीवर, निम्मे टाटावर. बेरीज कोण करणार, वॉचमन?

क्वीन्सकर:
हेच तर सांगतोय काल रात्रीपासून! बेरीज करणारं कुणीतरी हवं. चूक सापडली तीही आकडा दारावर लागला म्हणूनच.

वरणभात_ब्रुकलिन:
चूक टेपवालीताईंना सापडली, तुमच्या सॉफ्टवेअरला नाही. आणि माझ्या तळमजल्यावरच्या काकू अजून शालीतच आहेत. त्यांना किती गुण?

क्वीन्सकर:
काकूंसाठी बॉयलरवाल्याला फोन करा, मला नको.

वरणभात_ब्रुकलिन:
केला. मार्चची तारीख दिलीय. बरं, ते तळघर मोजायला टेप साधी चालते का?

टेपवाली:
लेझरची आहे माझ्याकडे. न्या, पण परत आणून द्या. मागच्याने आणली नाही.