सिम्युलेटरच्या लूपमध्ये खरा सर्वो जोडला की विमान डुलतं: रोल होल्डची बेंच चाचणी

रबाळे_बेंच:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत दोन आसनी हलक्या विमानाच्या ऑटोपायलटची बेंच लावली आहे. फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमधल्या सेसना 172 चा रोल (डावा-उजवा कल), पिच (नाकाचा वर-खाली कल), वेग आणि उंची यूएसबी-सिरीयलने ऑटोपायलटला जाते. ऑटोपायलट सर्वो (आज्ञेप्रमाणे फिरणारी मोटर) हलवतो, सर्वो बेलक्रँकमार्फत (ओढीची दिशा बदलणाऱ्या तरफेमार्फत) खरा एलेरॉन (विमान कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची झडप) हलवतो आणि बिजागरीवरच्या 10 किलोओहम पॉटचं (कोन मोजणाऱ्या पोटेन्शियोमीटरचं) रीडिंग परत सिम्युलेटरला जातं. सर्वो वगळून कमांड थेट परत दिली तर रोल होल्ड (ठरवलेला कल धरून ठेवणं) ठणठणीत चालतो. सर्वो जोडला की विमान ±4 अंश डुलत राहतं, एक हेलकावा 1.6 सेकंदांचा. गेन (दुरुस्तीची तीव्रता) निम्मा केला तर डुलणं संथ होतं, थांबत नाही. सर्वोच बदलावा का?

एलेरॉन_ठाणे:
सर्वोला एवढ्यात हात लावू नका. हेलकावा वाढत जातो की तेवढाच राहतो, हे आधी लॉगमध्ये बघा. वाढत असेल तर उशीर किंवा गेन. ±4 वर अडकून बसला असेल तर बहुधा लिंकेजमध्ये प्ले (सांध्यातली मोकळीक) आहे, आणि तो गेन कमी करून जात नाही.

खात्री करायला सर्वोचा आर्म क्लँपने बांधा, एलेरॉनची मागची कड हाताने वरखाली हलवा आणि पॉट वाचा. आर्म न हलता पृष्ठभाग एखादा अंश फिरला तरी तो पुरे आहे. मग एलेरॉनला एका बाजूने रबर लावून हलका ताण द्या आणि लूप पुन्हा चालवा. ताणामुळे प्ले एकाच बाजूला दाबला जातो, म्हणून डुलणं एकदम कमी झालं तर चोर सापडला. बहुतेक वेळा रॉड-एंडच्या (जोडदांड्याच्या टोकाच्या) बोल्टचं भोक लंबगोल झालेलं असतं. वागळे इस्टेटमध्ये लेथवाल्याकडून भोक रीम करून (नेमक्या मापाला गोल करून) घ्या आणि घट्ट बसणारा बोल्ट टाका. जास्त टॉर्कचा सर्वो आणलात तरी हा प्ले तसाच राहील.

रबाळे_बेंच:
आर्म बांधून 1.5 अंश मोकळा फिरतो! रबर लावल्यावर हेलकावा ±1 वर आला, पण पूर्ण गेला नाही.

लूप_ऐरोली:
उरलेला भाग उशिराचा असणार. 1.6 सेकंदांच्या हेलकाव्यात 120 मिलिसेकंद उशीर झाला तर फेज (हेलकाव्याच्या 360 अंशांच्या चक्रातली जागा) 27 अंशांनी मागे पडते, आणि रोल लूपला एवढं सोसत नाही.

दोन जागा तपासा. यूएसबी-सिरीयल अडॅप्टर एफटीडीआय चिपचा असेल तर त्याचा लेटन्सी टायमर (डेटा पुढे पाठवण्याआधी थांबण्याचा वेळ) मुळात 16 मिलिसेकंद असतो, तो 1 करा. दुसरी मोठी: फ्लाइटगिअर डेटा मुख्य लूपमधूनच पाठवतो, त्यामुळे 50 हर्ट्झ मागितले तरी चित्र 25 फ्रेमवर आलं की तुम्हाला 25 च मिळतात. ढग, सावल्या, देखावा सगळं बंद करा, किंवा जेएसबीसिम (उड्डाणाचं गणित करणारा प्रोग्रॅम) वेगळं चालवा. ते मुळातच 120 हर्ट्झवर चालतं. उशीर अंदाजाने ठरवू नका. कमांडला एक स्टेप द्या आणि कमांड व पॉट दोन्ही एकाच मायक्रोकंट्रोलरच्या घड्याळावर नोंदवा.

सर्वो आणि पॉट एकाच 5 व्होल्टवर असतील तर तेही वेगळे करा. सर्वो जोर लावतो तेव्हा व्होल्टेज बसतं, एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा) संदर्भ वेगळा असेल तर पॉटचं रीडिंगही त्याबरोबर खाली जातं आणि एलेरॉन हललेला नसतानाही ऑटोपायलट तो दुरुस्त करत बसतो. ग्राउंड एकाच बिंदूवर जोडा.

एलेरॉन_ठाणे:
बेंचवर सगळं जमलं तरी हँगरमध्ये या चाचण्या राहतातच. अ‍ॅटिट्यूड सेन्सरचा डबा हातात धरून उजवीकडे कलवा: स्टिक डावीकडे जायला हवी, डावा एलेरॉन वर, उजवा खाली. डब्याचं नाक वर करा: स्टिक पुढे. एक जरी उलटं निघालं तर उड्डाण नाही. सिम्युलेटरमध्ये पॉटचं चिन्ह उलटं लावलेलं असेल तर दोन चुका एकमेकींना झाकतात, म्हणून ही चाचणी सिम्युलेटरशिवायच करायची.

पिटो (हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी) तपासायला यू-नळीत पाणी, टी-जोड आणि सिरिंज पुरते. 60 नॉटला पाण्याच्या पातळीत सुमारे 60 मिलिमीटर फरक हवा, 100 नॉटला सुमारे 166. सिरिंज हळू दाबा, आणि पिटोवर ओढ कधीही देऊ नका, वेगमापक बिघडतो.

उभ्या विमानात ऑटोपायलट चालू केल्यावर स्टिक सावकाश एका टोकाला गेली तर घाबरू नका. विमान प्रतिसाद देत नाही, त्यामुळे इंटिग्रेटर (उरलेली चूक साठवत जाणारा भाग) भरत जातो. त्याच स्थितीत स्टिकवरचं बटण, सर्किट ब्रेकर आणि हाताने जोर लावून सर्वोचा क्लच घसरवणं, तिन्ही मार्गांनी ऑटोपायलट सुटतो का ते तपासा. घसरायला लागणारा जोर स्प्रिंग काट्यावर मोजून लॉगबुकात लिहा.