अनुभव धागा: हेमिसच्या उत्सवाला जाताना बॅगेत काय भरलंत?

लडाखच्या हेमिस गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, उन्हाळ्यात होणारा त्सेचू उत्सव पाहून आलेल्यांनी इथे लिहावं. विषय फक्त कपडे. परमिट, टॅक्सीचे दर, विरळ हवेची गोळी घ्यावी की नाही, यावर दुसरीकडे भरपूर भांडून झालंय.

नव्यांसाठी थोडक्यात: बौद्ध गुरू पद्मसंभवांच्या जन्माचा हा दोन दिवसांचा उत्सव. तिबेटी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या दशमीला सुरू होतो, म्हणून आपल्या गणपतीसारखा तारखेत मागेपुढे सरकतो. २०२४ मध्ये १६-१७ जूनला होता, २०२५ मध्ये ५-६ जुलैला. लेहपासून अंतर साधारण ४५ किलोमीटर, उंची ३,६०० मीटरच्या आसपास. छाम म्हणजे मुखवट्यांचं नृत्य गोंपाच्या उघड्या चौकात होतं आणि बहुतेक प्रेक्षक जमिनीवर मांडी घालून बसतात. गर्दी अशी की एकदा बसलात की उठायची सोय नाही. गाडीत ठेवलेलं जॅकेट आणि घरी ठेवलेलं जॅकेट यांत काही फरक उरत नाही. म्हणून विचारतोय: चौकात बसल्यावर अंगावर काय होतं, मांडीवर काय होतं, आणि बॅगेतून बाहेरच आलं नाही असं काय होतं?

ठाणे, दोघंच गेलो होतो

पहाटे लेहहून निघालो तेव्हा दात वाजत होते. जुलै होता तरी. जून-जुलैत लेहला दुपारी २० ते २५ अंश असतं आणि पहाटे त्याच्या निम्म्यानेही कमी, हे आकडे निघण्याआधी वाचले होते. पण आकडे वाचून अंगाला कळत नाही. चौकात जागा मिळाली ती सावलीतली. खाली दगड बर्फासारखा गार. मी थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर फुगीर जॅकेट, नवऱ्याचंही तेच. आम्ही दोघं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

मग ऊन भिंतीवरून खाली उतरलं आणि आमच्यापर्यंत पोचलं. पंधरा-वीस मिनिटांत जॅकेट उतरलं, मग स्वेटर. वरचं थर्मलही ओढणीच्या आडोशाने कसंबसं काढलं. पण खालच्या थर्मलचं काय करणार? चारी बाजूंना माणसं, गुडघ्याला गुडघा लागलेला, समोर लांबलचक तुताऱ्या घुमताहेत, आणि आम्ही दोघं कमरेखाली उकडून निघतोय. नवऱ्याने पहिल्या नृत्यातला अर्धा वेळ संडास कुठे असेल याचा अंदाज घेण्यात घालवला.

तेव्हा माझं मत असं की कमरेच्या वर कितीही थर चालतील, फक्त ते पुढून चेन किंवा बटणांचे हवेत, डोक्यातून काढायचे नकोत. कमरेखाली एकच सैल सुती पँट आणि मांडीवर शाल. ऊन आलं की शाल घडी करून बुडाखाली घ्यायची, ढग आला की परत मांडीवर. आख्ख्या सामानात त्या शालीइतकं कामाला आलं नाही काहीच. माझी तर जुनी, लग्नात कोणीतरी आहेर केलेली होती.

पुणे, भौतिकशास्त्र शिकवते

वर ताईंनी लिहिलंय त्याचं कारण सांगते. तिथली हवा विरळ आणि कोरडी. अशी हवा उष्णता धरून ठेवत नाही. आपल्याला जे गरम वाटतं ते थेट उन्हामुळे. म्हणून ढग सूर्यावरून गेला की ऊब त्याच क्षणी जाते. मुंबईत ढग आला तरी घाम थांबत नाही, कारण तिथे दमट हवाच आपल्याला धरून बसलेली असते. हेमिसला उन्हातला माणूस आणि सावलीतला माणूस दोन वेगळ्या ऋतूंत बसलेले असतात, मध्ये अंतर दोन हात.

दुसरं, दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. तेव्हा गरम होतंय म्हणून हाफ बाह्यांचा टीशर्ट घालून बसू नका. पातळ, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा सुती सदरा सगळ्यात आत हवा. क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान उघडी राहतात आणि नेमकी तीच सोलवटतात. मोठ्या काठाची टोपी चांगली, पण मागे बसलेल्यांना दिसत नाही. माझ्या मागच्या लडाखी आजींनी ती हळूच माझ्या डोक्यावरून उचलून माझ्याच मांडीवर ठेवली. पुढचा सगळा वेळ ओढणी डोक्यावरून घेऊन काढला. ओढणीच बरी.

चिंचवड, सह्याद्रीत भटकणारा

आम्हा ट्रेकर लोकांत सुती कपडा म्हणजे पाप. भिजला की वाळत नाही, अंगातली ऊब खेचून घेतो. सह्याद्रीच्या पावसाळ्यात ते शंभर टक्के खरं आहे. पण लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढा लोणावळ्याला जुलैत एका दिवसात पडून जातो. लेहला रात्री धुतलेला सदरा सकाळी कडक वाळलेला असतो. त्यामुळे मी दोनच सदरे नेले होते आणि दोन्ही सुती. गुडघ्यापर्यंत येणारा जाड रेनकोट घरीच ठेवला. वाऱ्यासाठी पातळ विंडचीटर होता, मुठीत मावेल एवढा. दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो आणि बारीक धूळ उडते, तेव्हा स्वेटरमधून वारा आरपार जातो, यातून जात नाही.

सांगली

चिंचवडच्या दादांचं पटत नाही. सरासरी पाऊस कमी म्हणजे पाऊस नाही, असं नव्हे. ऑगस्ट २०१० मध्ये याच लेहमध्ये ढगफुटीने केवढा हाहाकार झाला ते आठवा. आम्ही होतो तेव्हा दुसऱ्या दिवशी चांगली तासभर भुरभुर लागली. नाचणारे थांबले नाहीत, त्यामुळे आम्हीही हललो नाही. लोकरीचं स्वेटर ओलं झालं की जड होतं आणि वास मारतो. पातळ का होईना, पाणी अडवणारंच काहीतरी घ्या. नुसता वारा अडवणारा विंडचीटर भुरभुरीत अर्ध्या तासात हार मानतो.

ठाणे (वरचीच)

छत्री मात्र नको हं. मागचे लोक लडाखीत बोलतात, पण कळतं.

नाशिक, दोन लहान मुलींना घेऊन

मुलांच्या कपड्यांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. हातमोज्यांना दोरी लावून ती मानेमागून बाह्यांतून काढा, आपल्या आया करायच्या तशी. नाहीतर एक हातमोजा हेमिसलाच राहतो. कानटोपी हनुवटीखाली बांधायची घ्या. मुलं दुपारी तिथेच मांडीवर झोपतात, तेव्हा पांघरायला मोठ्या माणसाचं जॅकेट पुरतं, वेगळं पांघरूण नेऊ नका. एक जोडी जादा पँट मात्र हाताशी ठेवा. आमच्याकडे लोणी-मिठाचा चहा सांडला आणि तो वास थेट नाशिकपर्यंत आला.

मोजे. देवळात, म्हणजे दुखांगमध्ये, बूट बाहेर काढून जावं लागतं आणि आतली फरशी उन्हाळ्यातही पायाला बोचते. बुटात पातळ मोजे आणि पिशवीत लोकरीचे, आत जाताना चढवायचे. टोपीही आत काढायची असते. गुडघे, खांदे झाकलेले हवेत, हे सांगायला नकोच.

आणि बायकांसाठी: तिथले संडास बरेचसे लडाखी पद्धतीचे कोरडे, खाली खड्डा आणि शेजारी मातीचा ढीग. जमिनीपर्यंत लोळणारे पलाझो, घेरदार स्कर्ट यांचं तिथे काय होतं ते मी लिहीत नाही. घोट्यावर थांबणारी सलवार घाला.

डोंबिवली

विमानात चेक-इन बॅग १५ किलो, हातातली ७, हे गणित सगळे करतात. दुसरं गणित कोणी करत नाही: दिल्लीत विमान बदलताना बॅग मागे राहिली तर? आमची राहिली. लेहला उतरलो ते मुंबईच्या कपड्यांत. दुसऱ्या दिवशी बॅग आली, पण ती एक रात्र बाजारात घेतलेल्या टोप्या, मोजे आणि गेस्टहाऊसच्या दोन-दोन रजयांवर काढली. एक गरम जोडी हातातल्या बॅगेत आणि जॅकेट अंगावर, असं दिल्लीतून निघा. विमानतळावर लोक बघतात, बघू द्या. बाकी लेहच्या बाजारात लोकरीचं सगळं मिळतं, तेव्हा इथूनच महागडं घ्यायची घाई नको.

बेळगाव, मोटरसायकलवाला

मनालीहून गाडीवर गेलो होतो. रायडिंग जॅकेट घालून चौकात बसलो. खांद्याला, कोपराला आणि पाठीला कडक पट्ट्या. मांडी घालून वाकता येईना. शेजारच्या काकूंना कोपर लागलं की मला ऐकावं लागे. गाडीचे कपडे गाडीपाशी सोडा, उत्सवाचे वेगळे.

कोणीतरी विचारणारच म्हणून: हेच कपडे खारदुंग ला खिंडीत चालतील का? ती खिंड ५,३५९ मीटरवर. हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात असं धरलं तर हेमिसपेक्षा तिथे साधारण ११ अंश कमी, वारा वेगळाच. जाड जॅकेट तिथे वापरा. हेमिसला ते उशी म्हणून छान.

डेन्व्हर, कोलोरॅडो

हेमिस पाहिलेलं नाही, पण इथल्या टेल्युराइडच्या ब्लूग्रास संगीताच्या उत्सवाला बरेचदा जातो. जूनमध्ये, उंची सुमारे २,६६५ मीटर, तिन्ही बाजूंना उभे कडे, आणि माणसं दिवसभर गवतावर. फरक एवढाच की इथे दुपारी खरोखरचा पाऊस येतो, विजांसकट, आणि तासाभरात ऊन. भिजलेला सुती कपडा घालून सूर्य कड्यामागे गेल्यावर बसणं म्हणजे शिक्षा. त्यामुळे इथे चिंचवडकरांचा जुना नियमच लागू, सुती बंद. मेरिनो लोकरीचा पातळ शर्ट घाला, घामाचा वास धरत नाही. कोरड्या मोज्यांची एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. बाकी ठाण्याच्या ताईंची शाल इथेही चालते, आमच्या ग्रुपमध्ये तीवरून भांडणं होतात.

पुणे (भौतिकशास्त्र)

एक राहिलं. तिथली माणसं काय घालून बसतात ते जरूर बघा. बायका पेरोजा जडवलेला पेराक, म्हणजे शिरपेच, डोक्यावर आणि पाठीवर शालीसारखा बोक घेऊन बसतात. पाठीला ऊब, समोरून मोकळं. एक तिबेटी आजोबा जाड छुबा, म्हणजे लांब अंगरखा, घालून आले होते. ऊन चढल्यावर त्यांनी एका बाहीतून हात काढला आणि ती बाही पाठीवर सोडून दिली. ढग आला, हात आत. आम्ही पाच चेनी उघडत-लावत होतो तेवढ्या वेळात. आणि या उन्हात जरीचे जड झगे आणि मुखवटे घालून नाचणाऱ्या भिक्षूंना काय होत असेल, हा विचार केला की आपली तक्रार तोंडातच राहते.

सोलापूर

सगळं वाचून काढलं. एकच शंका. सासूबाई बरोबर येणार आहेत आणि त्या नऊवारीच नेसतात. सलवार घालणार नाहीत म्हणजे नाहीत. चालेल का?

नाशिक

अहो, उत्तम चालेल! काष्ट्याची नऊवारी जमिनीवर बसायला सगळ्यात सोयीची. आतून घोट्यापर्यंत लेगिंग, पायात मोजे आणि बूट. चपला नकोतच. ब्लाउज लांब बाह्यांचा शिवून घ्या, वरून पुढे बटणं असलेलं स्वेटर. पदर डोक्यावरून घेतला की टोपीचाही प्रश्न मिटला. फक्त साडी सुती असू द्या. नायलॉन-पॉलिएस्टरची त्या कोरड्या हवेत अंगाला चिकटते आणि हात लावला की चटचट ठिणग्या उडतात. आणि काष्टा वर खोचून मगच त्या कोरड्या संडासात पाठवा.