पूरनिधी: बाटल्यांचा ढीग पडला, विहीर उपसायला मात्र पैसे नाहीत

कृष्णाकाठचा
२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावात (पलूस तालुका) पुराचं पाणी शिरलं. ओसरल्यावर मदतीचे टेम्पो रांगेनं आले. पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स शाळेच्या व्हरांड्यात छताला टेकले, आणि गावविहिरीत कमरेएवढा गाळ, शाळेचे संडास तुंबलेले! त्यासाठी विचारलं की "बघतो". 'देतो' म्हणालेल्यांच्या नावांनी वहीची दोन पानं भरली. त्या भरवशावर मी पंपवाल्याला शब्द दिला. त्याचे पैसे फिटायला वर्ष गेलं. पुन्हा वेळ आली तर पैसे कसे उभे करायचे, हिशेब कसा ठेवायचा?

ओंजळ
दादा, कबूल, जमा, खर्च असे तीन रकाने करा. संयुक्त राष्ट्रांच्या मदतनिधीच्या नोंदीतही कबूल झालेला आणि हाती पडलेला पैसा वेगळा धरतात. पंपवाल्याला शब्द द्यायचा तो 'जमा' बघूनच.

आणि नुसतं "निधी द्या" म्हणू नका, हिशेब मांडा. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ५ मीटर पाणी म्हणजे साधारण ६३ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) धरली तर ३१५ ग्रॅम. पुरानंतर दुप्पट टाकली तरी पाऊण किलो भरत नाही. पैसा जातो उपशात: पंप, डिझेल, गाळ काढणारे गडी. हे समजलं की एखादा अख्खी विहीर अंगावर घेतो. ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी) पाणी पिवळं झालं की त्या नळीचा फोटो त्याला पाठवा. मी दर वेळी पाठवते.

सातासमुद्रापार
परदेशातून पैसे घेताना आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर चालतं. नागरिकत्व बदललेल्या माणसाचे पैसे मात्र विदेशी देणगी ठरतात, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी नसलेल्या मंडळानं ते घेऊ नयेत. आमच्या ग्रुपमध्ये दोन्ही प्रकारचे लोक आहेत, म्हणून सांगतोय.

माजी ग्रामसेवक
ग्रामपंचायतीचा पैसा चौथ्या रकान्यात लिहा. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, त्यामुळे एकाच उपशाचं बिल दोन्हीकडे लागू शकतं. तसं झालं तर पुढच्या पुराला गावात कोणी रुपया देणार नाही. आणि संडास मागे टाकू नका. छावणीत २० माणसांमागे एक संडास आणि माणशी रोज १५ लिटर पाणी, हे स्फिअरचं (आपत्तीतल्या मदतीची आंतरराष्ट्रीय नियमावली) किमान मानक आहे. आमच्या छावणीत बायका अंधार पडेपर्यंत थांबायच्या. मैला उपसणाऱ्या टँकरचा दर पावसाळ्याआधीच लिहून घ्या.

कृष्णाकाठचा
ताई, उद्या टेप घेऊन विहिरीवर जातो. भाऊसाहेब, टँकरवाल्याचा नंबर तालुक्याहून मिळवतो. जुन्या वहीतल्या दोन पानांवर 'जमा'चा रकाना आत्ताच आखला. सात नावांपुढेच आकडा आहे.