मदत हवी आहे : छोट्या व्यवसायाचा पॉडकास्ट करायचाय, पण भागांची आखणीच जमत नाहीये

रंधापटाशी

नमस्कार मंडळी.

मी आणि माझा दीर जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश करतो. आम्ही दोघं आणि दोन मदतनीस, एवढाच पसारा. रोज चार-पाच फोन असे येतात की ज्यांत काम नसतं, नुसता प्रश्न असतो. "खुर्ची डुगडुगतेय, खिळा ठोकू का?" "कपाटाखाली भुकटी पडतेय, वाळवी आहे का?" "टेबलावर गरम कपाचा पांढरा डाग उठलाय, जाईल का?" मी तीच उत्तरं देऊन देऊन थकले. दीर म्हणाला, वहिनी, हे एकदाचं रेकॉर्ड करून ठेवा आणि लिंक पाठवा.

तर मागच्या आठवड्यात एका रात्री फोनवर पहिला भाग रेकॉर्ड केला. धंदा कसा सुरू झाला, सासऱ्यांची हत्यारं, पहिलं गिऱ्हाईक, अडचणी वगैरे. 42 मिनिटं झाला. दुसऱ्या दिवशी ऐकला तर अकराव्या मिनिटाला मलाच जांभई आली. घरच्यांनी "छान झालाय" म्हटलं, पण शेवटी मी काय बोलले ते विचारल्यावर सगळे गप्प.

म्हणून विचारते. भाग किती मिनिटांचा असावा? दर आठवड्याला टाकावा का? दिराचं म्हणणं आहे, इतर कारागिरांच्या मुलाखती घेऊ. मला ते पटतंय आणि नाहीही. सगळं लिहून वाचावं की मुद्दे काढून बोलावं? आणि माईक कोणता घ्यायचा, हाही प्रश्न आहेच.

कानसेन

माईकचं नंतर. मी स्वतः एका छोट्या व्यवसायाचा पॉडकास्ट दोन वर्षं चालवलाय आणि पहिले सात भाग तुमच्या त्या 42 मिनिटांसारखेच केले होते, त्यामुळे अनुभवाने सांगतो.

तुमचा पॉडकास्ट तुमच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. ते तीन प्रश्न म्हणजे तीन भाग. सासऱ्यांच्या हत्यारांची गोष्ट चांगलीच असेल, पण ती कोणाला ऐकायची असते? जो तुम्हाला आधीपासून ओळखतो त्याला. अनोळखी माणूस डुगडुगणारी खुर्ची घेऊन येतो आणि त्याला खुर्चीचंच ऐकायचं असतं. हत्यारांची गोष्ट चौथ्या-पाचव्या भागात, पटाशीचा विषय निघेल तेव्हा, दोन मिनिटांत सांगा. तिथे ती शोभेल.

आता एक काम करा. फोनशेजारी वही ठेवा आणि येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. तुमच्या भाषेत नको. तुम्ही लिहाल "सांध्यांची देखभाल", तो म्हणतो "खुर्ची डुगडुगते". भागाचं नावही तेच ठेवा, कारण शोधणारा तेच टाइप करतो.

ऐकणारा कोण, हेही एकदा नक्की करा. "सगळे" हे उत्तर चालणार नाही. माझ्या मते तुमचा श्रोता म्हणजे मोडक्या वस्तूसमोर उभा राहून 'दुरुस्त करू की टाकून देऊ' असा विचार करणारा माणूस. दुसरा कारागीर तुमचा श्रोता नव्हे. म्हणून मुलाखतींना सध्या माझा विरोध आहे. दोन कारागीर बोलायला बसले की दहाव्या मिनिटाला गप्पा आपापसात सुरू होतात आणि तो खुर्चीवाला बाहेर राहतो. शिवाय पाहुण्याची वेळ मिळेना म्हणून वेळापत्रक कोलमडतं, ते वेगळंच.

भागाचा ढाचा मी असा ठेवीन : पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रश्न आणि थोडक्यात उत्तर. हो, उत्तर लगेच. मग घरच्या घरी काय तपासायचं. मग असं का होतं. शेवटी कुठपर्यंत स्वतः करावं आणि कुठे हात आवरावा. हा शेवटचा भाग म्हणजेच तुमची जाहिरात, वेगळी करायची गरज नाही. लांबी त्यातून आपोआप ठरेल. पांढऱ्या डागाला आठ मिनिटं पुरतील, भुकटीला, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याला, वीस लागतील. उगाच सारखी करू नका.

दर आठवड्याचा नेम मुळीच धरू नका. सहा भागांचा एक हंगाम जाहीर करा, पंधरा दिवसांनी एक. तीन भाग तयार असल्याशिवाय पहिला सोडू नका. हंगाम संपला की उजळ माथ्याने सुट्टी घेता येते. न सांगता बंद पडलेला पॉडकास्ट दिसला की लोकांना वाटतं दुकानच बंद पडलं.

नुसता वाचक

एकच विनंती. "नमस्कार, आपल्या सर्वांचं मनःपूर्वक स्वागत आहे" आणि वर मिनिटभर सतार, असं नको. मी भांडी घासताना ऐकतो, हात ओले असतात, पुढे सरकवता येत नाही.

खरखर

माईकबद्दल आता बोलू का? :)

त्याआधी खोली. कारखान्यात रेकॉर्ड करू नका, रिकाम्या खोलीतही नको. कपड्यांचं उघडं कपाट, गाद्या, पडदे असलेली लहान खोली उत्तम. भिंतीवरून आवाज परतला की महागडा माईकही विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. डायनॅमिक माईक घ्या. कंडेन्सर प्रकारचा माईक आजूबाजूचं सगळं टिपतो आणि तुमच्याकडे आजूबाजूला बरंच असणार. तोंडापासून मूठ-दीड मूठ अंतर, थोडा तिरका धरा म्हणजे 'फ' आणि 'भ' फुटणार नाहीत. दोघं बोलणार असाल तर दोन माईक, दोन वेगळे ट्रॅक. सुरुवातीला वीस सेकंद कोणीही बोलू नका, खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. नंतर ऑडॅसिटीमध्ये (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) गोंगाट कमी करताना आणि कापलेल्या जागा भरताना तीच कामाला येते.

रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, 44.1 किलोहर्ट्झ. शेवटी आवाजाची पातळी उणे 16 एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आणि शिखर उणे 1 डेसिबलच्या आत. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस हीच आहे आणि एवढं केलं की ऐकणाऱ्याला दर भागाला आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. नुसतं बोलणं असेल तर मोनो एमपीथ्री, 64 ते 96 केबीपीएस पुरे. 64 ला वीस मिनिटांचा भाग दहा एमबीच्या आत बसतो, 128 ला साधारण एकोणीस होतो.

मुखचित्र चौकोनी, 3000 बाय 3000 पिक्सेल. ॲपलला किमान 1400 लागतात. पण ते फोनवर नखाएवढं दिसणार आहे, त्यामुळे त्यावर खुर्ची, करवत, रंधा, पत्ता आणि दोघांचे फोटो असं सगळं कोंबू नका.

होस्टिंग (भागांच्या फाइल ठेवायची ऑनलाइन जागा) घेताना एकच गोष्ट बघा : उद्या सोडून जायचं ठरवलं तर आरएसएस फीड, म्हणजे ॲप वाचतात ती तुमच्या भागांची यादी, नव्या पत्त्याकडे वळवून देतात का. स्पॉटिफाय, ॲपल वगैरे ठिकाणी तुमची मूळ फाइल नसते, ते तुमचा फीड वाचतात. फीड हातचा गेला तर श्रोते गेले. फीडमध्ये ईमेल दिला तर तो कोणालाही दिसतो, म्हणून त्यासाठी वेगळा पत्ता काढा. आणि जुन्या लेखांत 'गूगल पॉडकास्ट्समध्ये नोंदवा' असं दिसेल, ते सोडून द्या, ती सेवा 2024 मध्येच बंद झाली.

संगीताबाबत सावध. क्रिएटिव्ह कॉमन्स (इतरांना वापरू देणारे खुले परवाने) म्हणजे सगळं फुकट नव्हे. परवान्यात 'एनसी' (नॉन-कमर्शियल) ही अक्षरं असतील तर ते व्यावसायिक कामाला चालत नाही आणि तुमचा पॉडकास्ट धंद्यासाठी आहे. मी तर म्हणेन संगीत नकोच. पॉलिशपेपरचे चार फटके रेकॉर्ड करा, तीच तुमची धून.

रंधापटाशी

सगळ्यांचे आभार. वही नऊ दिवस ठेवली. 31 फोन, आणि सगळ्यात जास्त आलेला प्रश्न मी स्वप्नातही धरला नसता : "हे खरं लाकूड आहे का?" डुगडुगणं दुसऱ्या नंबरावर, भुकटी तिसऱ्या. पॉलिशचा भाग मी पहिला करणार होते, त्याबद्दल दोनच फोन!

डुगडुगणाऱ्या खुर्चीचा आराखडा टाकते, झोडपा.

सुरुवात : "खुर्ची डुगडुगतेय? खिळा ठोकू नका." मग तपासणी : खुर्ची उलटी करा, एकेक पाय धरून हलवा, कुठला सांधा हलतोय ते शोधा. कारण : लाकूड हवेतल्या ओलाव्याने आडवं फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. सांध्यात एक तुकडा उभा, दुसरा आडवा, म्हणून वर्षानुवर्षं ओढाताण होऊन सरस सुटतो. खिळ्याने सांधा आवळला जात नाही, उलट लाकूड फाटतं आणि आमचं काम दुप्पट होतं. वरून नवा गोंद ओतूनही उपयोग नाही, जुना थर खरवडल्याशिवाय नवा धरत नाही. जुन्या खुर्चीत प्राणिज सरस असेल तर तो उष्णता आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून ती न मोडता उघडता येते. शेवट : दांडा नुसता सैल असेल तर घरी करा, तुकडाच तडकला असेल तर थांबा.

दोन अडचणी. एक, आमचं काम डोळ्यांचं. मी सारखी "हे असं दिसतं" म्हणते. दोन, दिराला बोलायचंय पण माईक समोर आला की तो शाळेतलं भाषण करतो.

कानसेन

आराखडा मस्त. "खिळा ठोकू नका" ही सुरुवात तर अजिबात बदलू नका.

दिसण्याचं बोटांवर आणि कानांवर न्या. "हे बघा" ऐवजी "कडेवरून बोट फिरवा". खऱ्या लाकडाचा भाग तर आयता आहे : वरची रेघ कडेवरून खाली उतरते का, की कडेला वेगळीच पट्टी लागते, की थरावर थर लागतात? ऐकणारा उठून आपल्या टेबलाशी जाईल. भुकटीसाठीही तसंच. जागा झाडून खाली काळा कागद ठेवायला सांगा आणि काही दिवसांनी बघायला सांगा. ताजी भुकटी पडली तर भुंगा अजून आत आहे, असं धरून चला. ही परीक्षा आहे म्हणून त्या भागाच्या शेवटी ऐकणारा परत येईल.

एक चूक मात्र टाळा, मी केलेली आहे. सावधगिरीची सूचना कृतीच्या आधी द्या. चपड्याचं (लाखेचं) पॉलिश ओळखायला तुम्ही स्पिरिटचा थेंब लावायला सांगाल, आणि मग म्हणाल "पण न दिसणाऱ्या कोपऱ्यातच हं". तोवर तो मधोमध लावून बसलेला असतो. वाचणारा पुढचं वाक्य डोळ्यांनी आधीच बघतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही.

दिराला लिहून देऊ नका. हातात मोडकी खुर्ची द्या, तुम्ही फोनवाली बाई व्हा आणि वहीतलेच प्रश्न विचारा.

खरखर

कानसेनशी एका बाबतीत माझं जमत नाही. पंधरा दिवस फार, पहिले तीन भाग एकदमच सोडा. फोनवर लिंक पाठवायचीय ना? मग साठा हवा, वेळापत्रक दुय्यम.

आणि डाउनलोडच्या आकड्यांवर मन लावू नका. आयएबी या ऑनलाइन जाहिरात उद्योगाच्या संस्थेच्या नियमानुसार निदान मिनिटभराचा ऑडिओ उतरला की डाउनलोड धरतात, तो ऐकला की नाही ते त्यातून कळत नाही. 2023 मध्ये आयफोनची आयओएस 17 ही नवी आवृत्ती आल्यावर ॲपल पॉडकास्ट्समध्ये आपोआप होणारे डाउनलोड कमी झाले आणि बऱ्याच जणांचे आकडे एकाएकी उतरले, श्रोते पळाले नव्हते. तुमचं माप वहीतच आहे. डुगडुगण्याचे फोन घटले का, आणि आलेला फोन "तुमचं ऐकलं, दांडा तडकलेलाच निघाला" असा येतो का.

रंधापटाशी

काल रात्री दिराबरोबर रेकॉर्ड केलं. खुर्ची हातात दिली आणि गडी सुटला! "खिळा म्हणजे मोडलेल्या हाताला टाचणी" असं काहीतरी बोलला, मी हसले तेही रेकॉर्ड झालंय. 14 मिनिटं. तीन भाग एकदम सोडायचं ठरलं.

फक्त नवव्या मिनिटाला मागे मदतनीसाने रंधा मारायला घेतला तो ऐकू येतोय. पुन्हा करायचं जिवावर आलंय. कापू का?

खरखर

बोलणं स्पष्ट कळतंय ना? मग राहू दे. हसणंही.