‘कम्पॅटिबिलिटी लेयर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
एका लेखात ‘सुसंगतता स्तर’ असा शब्द भेटला. अर्थ लागला, पण अडखळत. एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बांधलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालवायची सोय, एवढंच म्हणायचं असतं. बरा शब्द आहे का? आणि सरळ ‘इम्युलेटर’ म्हटलं तर?

प्रतिसाद १
सुसंगत असते ती साक्षीदाराची जबानी. दोन यंत्रणा ‘जुळतात’. ‘स्तर’ म्हटलं की दर्जा डोळ्यांपुढे येतो. म्हणून ‘जुळणी थर’.

इम्युलेटर मात्र नको. तो सहसा अख्ख्या प्रोसेसरचं सोंग आणतो. इथे प्रोग्रॅममधल्या सूचना खऱ्या प्रोसेसरवर थेट चालतात. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या, १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘वाइन’ने तर ‘वाइन इज नॉट ॲन इम्युलेटर’ असं नावातच बजावून ठेवलंय.

प्रतिसाद २
‘थर’ वाइनला शोभेल. ते कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मध्यवर्ती भागाच्या, बाहेर राहून विंडोजच्या प्रोग्रॅमचं म्हणणं लिनक्सला कळवतं. फ्रीबीएसडी या आणखी एका ऑपरेटिंग सिस्टिमवर लिनक्सचे प्रोग्रॅम चालतात, तिथे मात्र वरून काही चढवलेलं नसतं. सगळा कारभार कर्नलच्या पोटात.

एक उदाहरण बघा. प्रोग्रॅमला कर्नलकडून काम करून घ्यायचं असलं की तो कामाचा क्रमांक सांगतो. इंटेल-घराण्याच्या ६४-बिट प्रोसेसरवर चालणाऱ्या लिनक्सवर ‘लिही’चा क्रमांक १. फ्रीबीएसडीवर १ म्हणजे ‘संपव’, आणि ‘लिही’ ४. म्हणजे लिनक्सचा बिचारा प्रोग्रॅम पडद्यावर एक ओळ उमटवायला जाणार आणि पहिल्याच शब्दाला प्राण सोडणार! हे टळतं, कारण फ्रीबीएसडीचं कर्नल लिनक्सच्या क्रमांकांचा वेगळा तक्ता बाळगतं आणि प्रत्येक प्रोग्रॅमशी त्याच्या त्याच्या तक्त्यानुसार वागतं.

चुकांच्या क्रमांकांची तर आणखी गंमत. ‘आत्ता नाही, पुन्हा विचार’ हे लिनक्सवर ११, फ्रीबीएसडीवर ३५. ‘एकमेकांच्या कुलपात अडकलात’ हे लिनक्सवर ३५, फ्रीबीएसडीवर ११. नेमकी अदलाबदल! उत्तर परत देतानाही क्रमांक बदलून द्यावा लागतो तो यामुळे.

याला थर कसं म्हणणार? कर्नललाच दोन भाषा येतात. ‘द्वैभाषिक कर्नल’ म्हणा.

प्रश्नकर्ता
मग वाइनला ‘दुभाष्या’ म्हणू का? आणि ‘भाषांतर’ हा शब्द कुठेच चालणार नाही?

प्रतिसाद २
दुभाष्या उत्तम. भाषांतर वेगळ्या गोष्टीसाठी राखून ठेवा. ॲपलचं २०२० मधलं रोझेटा २ घ्या. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम तीच, प्रोसेसर बदललेला. इंटेलसाठीच्या सूचना ते बव्हंशी आधीच नव्या प्रोसेसरच्या सूचनांमध्ये उतरवून ठेवतं. हे लेखी काम, म्हणून भाषांतर. दुभाष्या समोरासमोर, बोलणं चालू असताना लागतो.

प्रतिसाद ३
विंडोजवरच्या लिनक्सच्या सोयीलाही सरसकट एकच शब्द लावू नका. २०१६ मधली पहिली आवृत्ती लिनक्सचे सिस्टिम कॉल (म्हणजे कर्नलला सांगितलेली ती क्रमांकांची कामं) विंडोजच्या कर्नलमध्येच हाताळायची. दुसऱ्या आवृत्तीत हलक्या आभासी यंत्रात (व्हर्च्युअल मशीनमध्ये) खरंखुरं लिनक्स कर्नलच चालतं. म्हणजे दुभाष्याला नारळ दिला आणि पाहुण्याच्या गावचा माणूसच घरी आणून ठेवला. तिथे ‘जुळणी’ म्हणणंही चूक.

प्रतिसाद १
थर मागे घेतो. पण प्रोग्रॅम कुठल्या भाषेतला हे द्वैभाषिक कर्नलला कळतं कसं?

प्रतिसाद २
फाइलच्या सुरुवातीच्या नोंदींवरून. जुन्या फ्रीबीएसडीवर मी एकदा लिनक्सची फाइल चालवली, तर ‘टाइप झिरो’ ओळखीचा नाही म्हणून कर्नलने हात वर केले. फाइलच्या कपाळावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ‘ब्रँडएल्फ’ नावाची आज्ञा देऊन तिच्यावर ‘लिनक्स’ अशी खूण केली, तेव्हा चालली. त्या खुणेला मी बोलताना ‘शिक्का’ म्हणतो. ‘शिक्का मारला का?’ असं विचारलं की समोरच्याला लगेच कळतं.

प्रश्नकर्ता
शिक्का झकास! लेखात घेतो. फक्त ‘कर्नल’च्या जागी ‘गाभा’ लिहीन. ‘कर्नलच्या पोटात’ वाचून आमच्याकडे एकाला लष्करातला अधिकारी आठवला.