पेशीविभाजनाचं ‘नियंत्रण’ की ‘नियमन’?

कोथरूडकर:
आमच्याकडे नववी-दहावीच्या मुलांसाठी विज्ञान प्रदर्शन आहे, मला फळमाशीच्या वाढीवर मराठीत तक्ता करायला दिलाय (फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर येतात ती लाल डोळ्यांची चिलटं). मथळा लिहिला ‘पेशीविभाजनाचं नियंत्रण’ आणि तिथेच अडकले. नियंत्रण म्हटलं की गर्दी, भाववाढ, पूर असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं, म्हणजे काहीतरी हाताबाहेर चाललंय आणि ते आवरायचंय. अंड्यात तसं नसतं ना? ‘नियमन’ चालेल का, मुलांना जड जाईल का?

पाषाणवाली:
ताई, नियमनच घ्या. दोन्ही शब्द ‘यम्’ धातूपासूनच आलेत पण वापरात फरक पडलाय. स्वारगेटच्या चौकात हवालदार वाहतुकीचं नियमन करतो म्हणजे नुसतं अडवत नाही, एक बाजू थांबवतो, दुसरी सोडतो. अंड्यात हेच चालतं. विभाजनाच्या सुरुवातीच्या 13 फेऱ्या भराभर होतात, पहिल्या काही तर आठ-नऊ मिनिटांना एक, कारण त्याला लागणारा सगळा माल आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेला असतो. 14 व्या फेरीत हा वेग मोडतो. आता स्ट्रिंग नावाचा जीन ज्या पट्ट्यात चालू होईल तिथल्याच पेशी विभागतात, शेजारच्या आपली पाळी येईपर्यंत थांबतात, आणि कुठला पट्टा कधी हे प्रत्येक अंड्यात ठरल्याप्रमाणेच होतं. मला हे फार सुंदर वाटतं.

‘नियंत्रण’ अगदीच टाकू नका मात्र. पोटाकडच्या पेशी आत वळत असतात तेव्हा त्यांच्यात स्ट्रिंग तयार असूनही ट्रिबल्स नावाचा दुसरा जीन त्यांना विभागू देत नाही, कारण त्याच वेळी विभागल्या तर घडी बिघडते. इथे खरंच रोखून धरलंय, इथे नियंत्रण शोभतं.

सदाशिवपेठी:
शब्दाची आणखी एक अडचण आहे, ती ‘पेशीविभाजन’मध्येच. त्या पहिल्या 13 फेऱ्यांत पेशी विभागतच नाही हो! दहावीच्या पुस्तकात सूत्री विभाजनाचे (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याचे) दोन भाग दिलेत, प्रकल विभाजन, म्हणजे केंद्रकाची दोन केंद्रकं होणं, आणि जीवद्रव्य विभाजन, म्हणजे मग बाकीची पेशी दोन भागांत वाटली जाणं. इथे पहिला होतो, दुसरा होत नाही. अर्ध्या मिलिमीटरचं अंडं, त्याच्या आत भिंतीच नाहीत, आणि 13 फेऱ्या संपेपर्यंत पृष्ठभागालगत सुमारे 6,000 प्रकल जमा होतात, मग एकदमच त्यांच्यामध्ये पडदे उतरतात (मागच्या टोकाच्या थोड्या पेशी तेवढ्या आधीच वेगळ्या होतात, पुढे त्यांच्यापासून बीजपेशी बनतात). मुलांना प्रकल हा शब्द एरवी सुटासुटा भेटतच नाही, ती केंद्रक म्हणतात, तेव्हा तक्त्यावर पहिल्यांदा ‘प्रकल म्हणजेच केंद्रक’ असं लिहाच.

कोथरूडकर:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी तर पहिल्याच चित्राखाली ‘पेशी दुप्पट होतात’ लिहून बसले होते! खोडून ‘केंद्रकं दुप्पट होतात, पेशी अजून एकच’ केलंय. मथळा आता ‘कोणी कधी विभागायचं हे कसं ठरतं?’ आणि खाली बारीक अक्षरात ‘पेशीविभाजनाचं नियमन’. ट्रिबल्सच्या चित्राशेजारी ‘नियंत्रण’ लाल शाईत.

पाषाणवाली:
उत्तम. फक्त ‘पेशी विभाजित होते’ असं कुठे लिहिलं असेल तर ‘विभागते’ करा, बोलताना आपण तसंच म्हणतो.