बाहेरून कुलूप: काळजी की कोंडणं?

नौपाडेकर: बाबा ७९ वर्षांचे, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). पाच वाजले की चपला शोधतात. 'शिफ्ट सुटली, घरी जातो.' ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडून जमाना झाला आणि 'घर' म्हणजे कळव्याची चाळ, तीही पडली. मागच्या महिन्यात आया कुकर लावत होती तेवढ्यात निसटले. रात्री नऊला कळव्याच्या खाडीपुलावर सापडले, अनवाणी. तेव्हापासून बाहेरून कुलूप. शेजारच्या काकू म्हणतात, कोंडता काय? मी म्हणतो, कोंडतो. पुढे बोला.

तलावपाळी: आत कोणी नसताना कुलूप? गॅस पेटला तर? शिवाय ते उगाच भटकत नाहीत हो, घर शोधतात. दिशा तर बरोबर होती त्यांची! अशा वेळी 'हेच घर आहे' असं पटवायला गेलं की चिडतात. माझ्या आईला मी साडेचारलाच बाहेर काढायचे. मासुंदा तलावाला फेरी, कोपिनेश्वराला नमस्कार आणि परत. दारात आली की स्वतःच म्हणायची, 'आलं बाई घर.' कुलूप लागलंच नाही.

कोपरीची_सून: ताई, साडेचारला ऑफिसातून कोण येणार? ब्युरोची बाई स्वयंपाकाला आहे, फेरीला नाही, हे ती महिन्यातून दोनदा ऐकवते. जीपीएसचं घड्याळ आणलं, तर सासऱ्यांनी ते तांदळाच्या डब्यात ठेवलं. दोन तास लोकेशन 'घरी' दाखवत होतं. मी कुलूपवाली.

पाचपाखाडी: अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या मते डिमेन्शिया झालेल्या १० पैकी ६ जण कधी ना कधी असे भरकटतात. म्हणजे कुलूप लावा वा नका लावू, तयारी हवीच. दाराला घुंगरू, कडी नजरेच्या वर. सदऱ्याच्या आत फोन नंबर शिवा, खिशातली चिठ्ठी टिकत नाही. वॉचमन आणि रिक्षा स्टँडवाल्यांना फोटो दाखवून ठेवा. हरवलेच तर लगेच पोलिसांना ११२ वर फोन. चोवीस तास थांबायचा नियम वगैरे काही नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हेल्पलाइनही आहे.

नौपाडेकर: तलावपाळी, गॅसचं खरं आहे. दुपारी आया खाली जाते तेव्हा ते एकटेच असतात, हे मी वर लिहिलं नव्हतं. तसं एकटं ठेवणं बंद करतो. काल तिला शंभर रुपये जास्त देऊन फेरीला पाठवलं. बाबा तिलाच कळव्याचा रस्ता समजावत होते म्हणे. रात्रीचं कुलूप मात्र राहणार, पण आतून, आणि किल्ली माझ्या उशाखाली.

तलावपाळी: रात्रीचं मला अजूनही पटलेलं नाही.